घरांतील प्रवाह आणि पडद्यावरील चित्र

आषाढी एकादशीची पहांट. पंढरपुरास विठ्ठल-रुक्मिणीची शासकीय महापूजा चालली होती, आणि बारामतींतील आमच्या जुन्या वाड्याच्या माजघरांत मातोश्री हात जोडून पडद्यासमोर बसल्या होत्या. कऱ्हाकांठच्या माणसास वारी ही कांहीं ऐकीव गोष्ट नव्हे. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी बारामतीस मुक्काम करते. पुढें सणसर, अंथुर्णें, निमगांव केतकी अशी मजल दरमजल करीत इंदापुरास पोंचते. वाटेंत बेलवाडीचें रिंगण असतें, त्या दिवशीं आसपासचीं घरें ओस पडतात. मातोश्रींनीं उभ्या जन्मांत किती वारकऱ्यांस पिठलें-भाकरी वाढली याची गणती नाहीं. परंतु आतां ब्याऐंशीव्या वर्षीं त्यांची वारी माजघरांतच घडते. त्या पहांटे पूजा रंगांत आली, देवाच्या मस्तकावरून दुधाची धार उतरूं लागली, आणि नेमकें त्याच क्षणीं चित्र धुरकट होऊन थबकलें. पडद्याच्या मध्यभागीं एक वर्तुळ गरगर फिरूं लागलें. मिनिटाभरानें चित्र परत आलें तेव्हां अभिषेक संपला होता. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “देव दाराशीं येऊन परत गेला रे!”

अशा वेळीं बहुतेक घरांतील पुरुषमंडळी जें करतात तेंच आम्हींही केलें. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस यथेच्छ दोष दिला, आणि तिच्याचकडून दुप्पट वेगाची योजना विकत घेतली. दर सेकंदास ५० मेगाबिटांऐवजीं आतां १०० मेगाबिट येणार होते. मासिक खर्च वाढला. परंतु पुढच्याच आठवड्यांत मातोश्री कीर्तन पाहावयास बसल्या असतां तें वर्तुळ पुनः फिरूं लागलें. पैसा खर्चूनही गुण येत नाहीं असें दिसलें म्हणजे मनुष्य विचार करूं लागतो. तो विचार करतां करतां जें समजलें तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें. कारण त्याचा शेवट यंत्राशीं झाला नाहीं, घरांतील माणसांशीं झाला.

पाऊस आणि कालवा

प्रथम एक मूळचा भेद ध्यानांत घ्यावा. पुण्याचें आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. अशा केंद्रावरून निघणारी लहर एक घर ऐको वा एक लाख घरें ऐकोत, ती सर्वांस सारखीच मिळते. प्रक्षेपण हें पावसासारखें आहे. एकानें अंगणांत भांडें मांडून भरून घेतलें, म्हणून शेजाऱ्याचें भांडें उणें राहत नाहीं. इंटरनेटवरून वाहत येणारें चित्र तसें नाहीं. तें कालव्याचें पाणी आहे. तेथें प्रत्येक पडद्यासाठीं निराळी धार सोडावी लागते. एकाच घरांत एकच क्रिकेटचा सामना तिघांनीं तीन मोबाईलांवर पाहिला, तर तीन धारा लागतात.

कऱ्हाटींतल्या माणसास हा दाखला फोड करून सांगावयास नको. ज्या मुलखांत पावसानें नेहमींच हात आंखडता घेतला, तेथें १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला, आणि बारामतीवरून इंदापुराकडे वाहूं लागला. मुखाशीं किती पाणी सोडलें हें पाटबंधारे खात्याच्या कागदावर लिहिलेलें असतें. पण इंदापुराकडील ‘टेल’च्या शेतकऱ्यास विचारा. कागदावरच्या पाण्यानें ऊस भिजत नाहीं, असेंच तो सांगेल. वाटेंत पाणी मुरतें, चारी फुटते, वरचा बागाईतदार पाळी संपली तरी आपलें दार उघडेंच ठेवतो. कंपनीच्या जाहिरातींतील ५० किंवा १०० हा आंकडा म्हणजे कालव्याच्या मुखाशीं सोडलेलें पाणी होय. आपल्या हातांतील मोबाईल अथवा भिंतीवरील पडदा हें टेलचें शेत.

चित्रास लागतें किती?

ज्यास ब्रॉडबँड म्हणावयाचें त्याची सरकारी व्याख्या काळाबरोबर बदलत आली आहे. २००४ सालीं दर सेकंदास २५६ किलोबिट पुरत असत. २०१३ सालीं ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली, आणि २०२३ च्या जानेवारींत २ मेगाबिट. आतां चित्राची गरज पाहूं. ४८० रेषांच्या साध्या चित्रास सेकंदास सुमारें १ मेगाबिट प्रवाह लागतो, १०८० रेषांच्या स्वच्छ चित्रास सुमारें ५, आणि ‘फोर-के’ या नांवानें विकल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्म चित्रास १५ ते २०. पांच मेगाबिटांचें चित्र तासभर पाहिलें तर सव्वादोन गिगाबाइट माल घरांत उतरतो.

येथें एक गैरसमज टाळावा. बिट आणि बाइट हीं दोन मापें भिन्न आहेत. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटांच्या योजनेवर एखादी फाईल उतरवितांना सेकंदास साडेबाराच मेगाबाइट दिसले, तर ती लबाडी नव्हे, शेर आणि मण यांच्यांतील फरकासारखा तो मापांतला फरक आहे.

या हिशेबानें पाहिलें तर ५० मेगाबिटांत दहा स्वच्छ चित्रें एकाच वेळीं चालावींत. मग मातोश्रींचें एकच चित्र कां अडलें?

पडद्यामागचा रांजण

चित्रपट इंटरनेटवरून सलग येत नाहीं. कांहीं सेकंदांचा एक, असे त्याचे तुकडे केलेले असतात; आणि प्रत्येक तुकडा धुरकटापासून अतिस्वच्छापर्यंत अनेक प्रतींत तयार ठेवलेला असतो. आपल्या घरचें यंत्र मागचा तुकडा किती वेगानें आला हें मोजतें, आणि त्या अंदाजानें पुढच्या तुकड्याची कोणती प्रत मागावयाची तें ठरवितें. शिवाय आपण एक तुकडा पाहत असतां तें पुढचे कांहीं तुकडे आणून सांठवून ठेवतें. हा सांठा म्हणजे पडद्यामागचा रांजण. नळाची धार घटकाभर बारीक झाली तरी रांजणांत पाणी असेपर्यंत स्वयंपाक अडत नाहीं, तसेंच हें आहे.

यावरून दोन खुणा ओळखतां येतात. चित्र धुरकट झालें म्हणजे धार बारीक झाली आहे, आणि यंत्रानें हलकी प्रत मागून निभावून नेलें आहे. वर्तुळ फिरूं लागलें म्हणजे रांजणच कोरडा पडला. ज्या चालू प्रसंगास ‘लाइव्ह’ म्हणतात त्याचा रांजण मुळांतच लहान असतो. कारण जें अद्याप घडलेंच नाहीं तें आधीं आणून सांठविणार कसें? म्हणूनच ज्या घरांत तीन तासांचा चित्रपट निर्वेध चालतो, त्याच घरांत महापूजा वा क्रिकेटचा सामना अडखळतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं विश्वचषकाचा अंतिम सामना एका क्षणीं ५ कोटि ९० लक्ष पडद्यांवर इंटरनेटद्वारां एकदम पाहिला जात होता. एवढ्या निराळ्या धारा, आणि प्रत्येकीचा रांजण इवलासा! संभाषणास तर रांजण नाहींच. परदेशच्या नातवाशीं समोरासमोर बोलतांना शब्द आधीं सांठवितां येत नाहीं, आणि आपलें चित्रही तिकडे पाठवावें लागतें. म्हणून अशा बोलण्यास मोठ्या वेगापेक्षां संथ व अखंड प्रवाहाची गरज अधिक.

पाणी मुरलें कोठें?

बाहेरच्या वाटेची पाहणी प्रथम केली. पूर्वीं ब्रॉडबँड तांब्याच्या तारेवरून येत असे. तेव्हां दूरध्वनि केंद्रापासून घर जितकें लांब, तितका वेग मंद. आतां केंसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंतून प्रकाश येतो. सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतींत अशा एका तंतूंतून सेकंदास सुमारें २,५०० मेगाबिट उतरतात, आणि तो प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. लोकप्रिय चित्रपट पाहण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे जावें लागत नाहीं. त्यांच्या प्रती मुंबईसारख्या शहरांतील कोठारांत आधींच आणून ठेवलेल्या असतात. रात्रीं नवाच्या सुमारास सारी आळी एकदम पडद्यासमोर बसली तर थोडी ओढाताण होते, हें खरें. परंतु एकादशीची घटना पहांटेची होती.

तेव्हां मीं मोजण्यास आरंभ केला. राउटर ओसरीवरच्या कोनाड्यांत आहे. त्याला संगणक तारेनें जोडून मोजलें: ९४ मेगाबिट. तोच संगणक ओसरीवरच वायफायनें जोडला: ७०. माजघरांत नेला: ९, आणि मधूनमधून २. कंपनीनें आपलें पाणी दारापर्यंत इमानें आणून सोडलें होतें. तें मुरत होतें तें आमच्याच घरांत.

कारण शोधावयास लांब जावें लागलें नाहीं. वायफाय म्हणजे शेवटीं एक लहानशी रेडिओ लहर. ती दोन जातींची असते. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून बऱ्यापैकीं जाते, पण तिची वाट अरुंद. तींत एकमेकांस न अडविणारे असे तीनच पट्टे असतात, आणि शेजारपाजारचे सारे राउटर त्यांतच दाटी करतात. मायक्रोवेव्ह शेगडीही तेथेंच गोंगाट घालते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान व मोकळी. परंतु भिंतीशीं तिचा जीव लवकर दमतो. आमच्या वाड्याची मधली भिंत दीड हात रुंद, दगड-मातीची. तिनें उन्हाळ्यांत घर थंड ठेवलें म्हणून आम्ही पूर्वजांस दुवा देत आलों. तीच आतां लहरीस आडवी येत होती. राउटर ओसरीवर बसविला गेला, कारण तार आणणाऱ्या कामगारास दाराजवळचें ठिकाण सोईचें होतें. त्याच्यापुढें आम्हीं लोखंडी कपाट ठेवलें, कारण तो दिवे लुकलुकवीत बसलेला बरा दिसत नव्हता.

राहिला प्रश्न पहांटेचा. माजघरांत धार बारीक हें कळलें. पण त्याच वेळीं ती अगदींच कां आटली? उत्तर मुलांच्या मोबाईलांत सांपडलें. आदल्या दिवशीं मुलें वाखरीस जाऊन पालख्यांचा सोहळा पाहून आलीं होतीं, आणि शेंकडों छायाचित्रें व चलचित्रें घेऊन आलीं होतीं. रात्रीं मोबाईल विजेस लावून मंडळी निजली, आणि ते मोबाईल आपल्या नेमाप्रमाणें तीं सारीं चित्रें दूरच्या कोठारांत चढवूं लागले. वर जाणाऱ्या मालानें वाट अडविली म्हणजे खालीं येणारा मालही खोळंबतो; कारण प्रत्येक तुकड्याची पोंच उलट पाठवावी लागते, आणि ती पोंचच रांगेंत अडकते. वारीचीं चित्रें वर चढत होतीं, म्हणून वारीचा देव माजघरांत अडखळला.

शेवटची खोली

इतकें समजल्यावर मी मोठ्या उत्साहानें घरभर फिरून प्रत्येक खोलींतील आंकडे वहींत लिहूं लागलों. माडीवर ३०, देवघरांत ७. शेवटीं स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीशीं आलों. तेथें सूनबाई बसून पुण्याच्या एका कंपनीचें काम करते. दिवसांतून तीन-चार वेळां पडद्यावरून तिच्या बैठका होतात. मोजलें तों आंकडाच उमटेना. मीं विचारलें, “येथें तुझें चालतें तरी कसें?”

ती म्हणाली, “मामंजी, या खोलींत तें कधीं पोंचतच नाहीं. मी कामापुरतें मोबाईलचेंच इंटरनेट घेतें, माझ्या पगारांतून.”

“मग वर्षभर बोलली कां नाहींस?”

“ओसरीवर तर सर्वांचें नीट चालत होतें. मला वाटलें, दोष माझ्याच यंत्राचा असेल.”

वाचकहो, या उत्तरानें मी खजील झालों. मातोश्रींचें कीर्तन अडलें तेव्हां सारें घर जागें झालें, दुप्पट पैसे मोजले गेले. ओसरीवर आम्ही चौघे पुरुष मोठ्या पडद्यावर फोर-के चित्रांत सामने पाहत होतों, आणि आमच्या लेखीं घरांत प्रवाह भरपूर होता. जिच्या कामावर घरांत पगार येतो, तिच्या खोलींत एक थेंब पोंचत नव्हता. आणि ती स्वतःसच दोष देत होती. टेलचा शेतकरी निदान तक्रारीचा अर्ज तरी करतो!

विसाव्या शतकाच्या आरंभीं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याकडे पाटबंधाऱ्याच्या कामावर होते, तेव्हां त्यांनीं याच नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धति घालून दिली. मुखाजवळच्या गांवांनीं सारें पाणी उसासाठीं ओढूं नये. तें नेमून दिलेल्या गटांत अधिक गांवांपर्यंत पसरावें, आणि पिकांची पाळी फिरती राहावी, असा तिचा आशय होता. पाणी वाढविण्यापूर्वीं वांटणी सुधारावी, हा त्यांतला धडा आम्हीं शंभराहून अधिक वर्षांनीं आमच्या वाड्यांत गिरविला.

ओसरीवरच्या कपाटाची जागा बदलली. राउटरपासून माजघरांतील संचापर्यंत सुमारें चाळीस फूट तार तुळईच्या कडेनें नेली. ज्या वस्तूस हलावयाचें नाहीं तिला तारेनेंच जोडावें, हा नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे, कारण साधी चांगली तारही शंभर मीटरांपर्यंत प्रवाह उणा न करतां नेते. दुसरी तार स्वयंपाकघरापर्यंत नेऊन तेथें वायफायचें दुसरें यंत्र बसविलें. तारेऐवजीं लहर पकडून पुढें फेंकणारीं यंत्रें बाजारांत मिळतात. पण जेथें लहरच क्षीण पोंचते तेथें तीं क्षीणतेचीच री ओढतात. मुलांचे मोबाईल दुपारीं चित्रें चढवितील असें केलें. ओसरीवरचें फोर-के बंद केलें. दहा हातांवर बसून तो फरक कोणाच्याही डोळ्यांस कळला नाहीं, मग तीन जणांचें पाणी एकानें कां प्यावें? वीज गेली कीं राउटर मिटतो, म्हणून त्यास एक लहान बॅटरीची जोड दिली. आणि योजना पुनः ५० मेगाबिटांवर आणली. या सर्वांस लागलेला खर्च दुप्पट योजनेच्या वर्षभराच्या फरकाहून कमी भरला.

देशानेंही गिरविलेला धडा

वांटणीचा हा धडा साऱ्या देशास एकदां गिरवावा लागला आहे. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी झाली, आणि सर्वांचें काम, शाळा व करमणूक एकदम इंटरनेटवर लोटली. तेव्हां चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्यांनीं आपण होऊन मोबाईलवरील चित्र १४ एप्रिलपर्यंत ४८० रेषांवर उतरविलें, म्हणजे सर्वांस थोडें थोडें तरी मिळावें. त्या वर्षीं वारीही पायीं निघाली नाहीं. ३० जून रोजीं तुकोबारायांच्या पादुका एस. टी. च्या गाडींतून पंढरपुरास नेण्यांत आल्या, आणि ज्या रस्त्यावर पालखीसाठीं गांवें लोटत, तेथें लोकांनीं तो सोहळा पडद्यावर पाहिला. त्याच जुलैच्या २० तारखेपासून दूरदर्शनच्या सह्याद्रि वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शाळकरी मुलांची शिक्षणमालिका सुरू झाली. ज्या घरापर्यंत कालव्याची चारी पोंचली नव्हती, त्या घरासाठीं पुनः पावसाचाच आश्रय घ्यावा लागला, असा त्याचा अर्थ.

आतां बहुतेक मोठ्या गांवांत चारी दारापर्यंत आली आहे. पुढची वाट घरांतली आहे, आणि ती कोणत्याही कंपनीच्या हातांत नाहीं. म्हणून वाचकांस एकच विनंति. वेग वाढविण्यासाठीं पैसे मोजण्यापूर्वीं एखाद्या संध्याकाळीं, घरांतील सर्व माणसें आपापल्या पडद्यांपुढें असतां, मोबाईल हातांत घेऊन प्रत्येक खोलींत जा आणि वेग मोजा. दिवाणखान्यांत सर्वांत शेवटीं मोजा. आरंभ त्या खोलीपासून करा, जेथें घरांतील कर्ते पुरुष सहसा बसत नाहींत. आणि तेथें जी व्यक्ति बसते तिला यंत्राविषयीं नव्हे, तिच्याविषयीं विचारा.

यंदाच्या एकादशीस मातोश्रींच्या पडद्यावर अभिषेकाची धार अखंड वाहिली. पूजा संपल्यावर त्यांनीं पडद्यास नमस्कार केला, आणि मागें वळून सूनबाईस हांक मारली, “अगं, तुझ्याकडे आलें कीं नाहीं नीट?” घरांत हा प्रश्न आधीं कोणीं तरी विचारावयास हवा होता, तो मीं विचारावयास हवा होता.